आठव्या पिढीचा आवाज

गाण्यांविषयी बोलताना आपले विद्यार्थी अलीकडे एक शब्द सहज वापरतात, 'लॉसलेस'. २०२१ मध्ये ॲपलने आणि २०२५ मध्ये स्पॉटिफायने इंटरनेटवरून या स्वरूपात गाणी द्यायला सुरुवात केली आणि हा शब्द घरोघरी पोहोचला. गाणे लॉसलेस असेल तर ते अस्सल, नसेल तर कमअस्सल, असा मुलांचा साधा हिशेब असतो. लॉसलेस म्हणजे 'घट न झालेले'. पण घट कशाच्या तुलनेत? मूळ वस्तू कोणती? एवढे विचारले की वर्गात शांतता पसरते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण एक गाजलेली ध्वनिमुद्रिका हाती घेऊ आणि तिच्यातला आवाज पन्नास वर्षांत कोणकोणत्या वस्तूंमधून प्रवास करीत आपल्या कानापर्यंत आला, ते क्रमाने पाहू. ही ध्वनिमुद्रिका म्हणजे 'क्वीन' या इंग्लिश रॉक बँडची, १९८१ मध्ये निघालेली 'ग्रेटेस्ट हिट्स'. ब्रिटनमध्ये हिच्याइतकी दुसरी कोणतीही ध्वनिमुद्रिका खपलेली नाही. २०२२ मध्ये तिने तेथे सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला. (या हिशेबात इंटरनेटवरून ऐकण्याचीही गणना करतात.)

रॉक संगीताशी आपला परिचय नसला तरी या बँडकडे विज्ञानशिक्षकाने थोडे कौतुकाने पाहावे अशी कारणे आहेत. गिटारवादक ब्रायन मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. सूर्यमालेतील धुळीवरचे त्याचे संशोधन बँडच्या धामधुमीत अर्धवट राहिले, ते त्याने पुरे करून लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून २००७ मध्ये पीएच.डी. मिळवली. आपली गिटार त्याने किशोरवयात वडिलांच्या मदतीने घरीच बनवली आणि तिच्या दांड्यासाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, तर रॉजर टेलर जीवशास्त्र. गायक फ्रेडी मर्क्युरीचा धागा तर थेट सातारा जिल्ह्यापर्यंत येतो. त्याचे मूळ नाव फरोख बलसारा. १९४६ मध्ये झांझिबारला एका पारशी कुटुंबात तो जन्मला आणि शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. पियानोचे धडे आणि शाळासोबत्यांचा पहिला बँड, दोन्ही पाचगणीचेच.

फितीतून आरपार दिसू लागले

'ग्रेटेस्ट हिट्स'मधले पहिलेच गाणे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद. त्याचे ध्वनिमुद्रण १९७५ च्या ऑगस्टमध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झाले. गाण्याच्या मधल्या भागात मोठा वृंद गातो आहे असे वाटते. प्रत्यक्षात तेथे तीनच माणसे आहेत: मर्क्युरी, मे आणि टेलर. तिघांनी पुन्हा पुन्हा गायचे आणि ते आवाज एकावर एक चढवत न्यायचे, असे काम दिवसाला दहा-बारा तास चालत असे. काही ठिकाणी या थरांची संख्या १८० पर्यंत गेली.

अडचण अशी की त्या काळच्या यंत्राच्या फितीवर चोवीसच पट्टे असत. चुंबकीय फीत म्हणजे प्लॅस्टिकची लांब पट्टी, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडची बारीक पूड चिकटवलेली. आवाजाबरहुकूम बदलणारी वीज मुद्रणाच्या शीर्षातून वाहते आणि समोरून सरकणाऱ्या पुडीला कमीजास्त चुंबकत्व देते. चोवीस पट्टे भरले की पुढचा आवाज ठेवायचा कुठे? यावर उपाय एकच. भरलेले आठ-दहा पट्टे एकत्र वाजवून त्यांचे मिश्रण एकदोन रिकाम्या पट्ट्यांवर उतरवायचे, जुने पट्टे पुसायचे आणि तेथे नवे आवाज भरायचे. मूळ मुद्रण ही पहिली पिढी, तिची नक्कल ही दुसरी, नकलेची नक्कल ही तिसरी. या गाण्यातले वृंदाचे काही आवाज अशा रीतीने आठव्या पिढीपर्यंत पोहोचले.

याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागली. पहिली यांत्रिक. फीत शीर्षावरून जितक्या वेळा घासत जाते, तितकी तिची पूड झिजते. शेवटी ती फीत उजेडासमोर धरली तर आरपार दिसत होते, ही आठवण बँडच्या मंडळींनी अनेकदा सांगितली आहे.

दुसरी किंमत खरखरीची. पुडीच्या कणांचा आकार आणि मांडणी एकसारखी नसल्याने कोरी फीत वाजवली तरी बारीक खरखर ऐकू येते. नक्कल करताना आधीची खरखर गाण्यासोबत जशीच्या तशी पुढे जाते आणि नव्या मुद्रणाची खरखर तिच्यात मिसळते. प्रत्येक पिढी सारखीच खरखर घालते असे धरले तर आठव्या पिढीत खरखरीची शक्ती आठपट होईल. डेसिबलच्या मापात हे १० × लॉग ८, म्हणजे सुमारे ९ डेसिबल. स्टुडिओतले कुशल लोक निरनिराळ्या युक्त्यांनी ही वाढ आटोक्यात ठेवतात, पण ती पूर्ण टाळता येत नाही. कॅसेटवरून कॅसेट उतरवून घेण्याचा जमाना ज्यांना आठवतो, त्यांना हे सूत्राशिवायही पटेल. मित्राच्या मित्राने दिलेल्या कॅसेटवर गाणे कमी आणि 'सूं' जास्त, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतलेला आहे.

म्हणजे जे 'मूळ' म्हणून आपण मानतो, तेच घट सोसून जन्माला आलेले आहे. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ.

एका तबकडीवर अठ्ठावन्न मिनिटे

१९८१ मध्ये ही गाणी तबकडीवर, म्हणजे एल.पी.वर आली. ब्रिटनमधल्या आवृत्तीत सतरा गाणी होती आणि एकूण वेळ सुमारे ५८ मिनिटे, म्हणजे एका बाजूला २९. एल.पी.ची एक बाजू साधारणपणे वीस-बावीस मिनिटांची असते. मग जास्तीची मिनिटे बसवली कुठे?

हा हिशेब वर्गात करण्याजोगा आहे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. २९ मिनिटांत सुमारे ९६७ फेरे होतात. खाच काढता येण्याजोगी जागा, सर्वांत बाहेरच्या फेऱ्यापासून सर्वांत आतल्यापर्यंत, सुमारे ८६ मिलिमीटर. म्हणजे एका फेऱ्याच्या वाट्याला ०.०९ मिलिमीटर रुंदी आली. वीस मिनिटांच्या बाजूत हीच रुंदी ०.१३ मिलिमीटर असते. खाचेतली नागमोड जितकी रुंद, तितका आवाज मोठा आणि खर्ज भरदार. शेजारच्या फेऱ्यात घुसायचे नसेल तर नागमोड आखूड करावी लागते, म्हणजेच आवाजाची पातळी उतरवावी लागते. सुई खाचेवरून घासल्याची खरखर मात्र तेवढीच राहते. गाणी जास्त, तर प्रत्येक गाणे थोडे दुबळे, असा हा व्यवहार आहे.

दुसरी गंमत जागेची. तबकडीच्या बाहेरच्या कडेशी खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, तर अगदी आतल्या टोकाशी सुमारे २१. सेकंदाला १०,००० कंपने असलेला स्वर बाहेर ०.०५१ मिलिमीटर लांबीत कोरला जातो, आत तोच ०.०२१ मिलिमीटरमध्ये दाटीवाटीने. सुईच्या टोकाला इतकी बारीक वळणे नीट अनुसरता येत नाहीत आणि तार स्वर बोथट होतात. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पहिल्या बाजूच्या कडेला होते, तर 'वी आर द चँपियन्स' हे दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे अगदी आतल्या फेऱ्यांत. एकाच तबकडीवरच्या दोन गाण्यांना मिळालेली वागणूक अशी वेगळी होती.

रेषेऐवजी आकडे

फीत काय किंवा तबकडी काय, दोन्हींत आवाजाच्या तरंगाची हुबेहूब आकृती दुसऱ्या एखाद्या पदार्थात उमटवलेली असते. पदार्थाचे दोष त्या आकृतीत मिसळले की दोष कोणता आणि गाणे कोणते, हे यंत्राला सांगता येत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलो की अक्षरे पुसट होतात आणि काळे ठिपके वाढत जातात, तसेच हे आहे.

पण तोच मजकूर कोणी हाताने उतरवून घेतला तर? पहिल्याचे अक्षर गचाळ असले तरी दुसरा 'क' ओळखतो आणि स्वतःचा ताजा 'क' लिहितो. प्रत्येक नकलेत अक्षर नव्याने जन्मते, कारण वर्णमालेत अक्षरे मोजकीच आहेत आणि दोन अक्षरांच्या मधले काही नसते. आवाज आकड्यांत लिहिण्यामागे हीच युक्ती आहे. ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला पॅरिसमध्ये काम करताना ती सुचली आणि १९३८ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. निर्वात नळ्यांच्या त्या काळात ती प्रत्यक्षात आणणे फार खर्चाचे होते. तरंगाची उंची किती वेळा मोजली म्हणजे पुरे, याचे गणित हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅनन याने १९४९ मध्ये मांडले. नियम असा: ज्या सर्वांत मोठ्या कंप्रतेपर्यंतचा आवाज टिपायचा आहे, तिच्या दुपटीहून अधिक वेळा दर सेकंदाला मोजणी करावी. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. तेव्हा ४०,००० हून थोड्या जास्त मोजण्या हव्यात.

सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवलेल्या आणि १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी हा आकडा ४४,१०० ठरला. हाच का? कारण सुरुवातीला एवढी माहिती साठवायला व्हिडिओ टेपची यंत्रेच उपलब्ध होती. टीव्हीच्या चित्रातील एका आडव्या ओळीत ३ नमुने बसवायचे. जपानी-अमेरिकन पद्धतीत दर सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक वेळी २४५ उपयोगी ओळी: ३ × २४५ × ६० = ४४,१००. युरोपीय पद्धतीत ३ × २९४ × ५० = ४४,१००. दोन्ही पद्धतींना चालणारा आकडा म्हणून तो निवडला गेला.

प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहितात, म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या. दर बिटामागे साधारण ६ डेसिबल धरले तर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आवाजात ९६ डेसिबलचे अंतर मिळते. डाव्या-उजव्या दोन बाजू धरून सेकंदाला ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट. आपल्या ५ मिनिटे ५५ सेकंदांच्या गाण्याला सुमारे ६ कोटी २६ लाख बाइट लागतात.

आता प्रश्न राहिला चुकांचा. हाताने नक्कल करणारासुद्धा एखादे अक्षर चुकतो, आणि डिस्कवर ओरखडे पडतातच. आपल्याकडच्या वेदपाठकांनी यावर फार पूर्वी उपाय शोधला होता. घनपाठात शब्द एकदाच न म्हणता १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशा क्रमाने उलटसुलट म्हणतात. एखादा शब्द चुकला तर तो या गुंफणीत लगेच उघडा पडतो. मूळ मजकुराला जाणूनबुजून जोडलेली ही पुनरुक्तीच त्याचे रक्षण करते. कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये हे काम अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये शोधलेल्या सांकेतिक पद्धतीने होते. ओळीने अडीच मिलिमीटरच्या आसपास माहिती नाहीशी झाली तरी उरलेल्या आकड्यांवरून ती जशीच्या तशी पुन्हा काढता येते.

पिढ्यांची घट येथे थांबली. आकड्यांची आठवी नक्कल आणि पहिली नक्कल यांत फरक नसतो.

जे ऐकू येत नाही ते कशाला ठेवा?

मग 'घट' पुन्हा आली कोठून? ती या वेळी मुद्दाम आणली गेली. एका गाण्याला सहा कोटी बाइट ही १९९० च्या दशकातल्या टेलिफोनच्या तारांना आणि संगणकांना न पेलणारी गोष्ट होती. जर्मनीतील एर्लांगेन येथे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाच्या मर्यादांचाच उपयोग करायचे ठरवले. ढोल वाजत असताना शेजारची कुजबुज ऐकू येत नाही. मोठा स्वर आपल्या जवळपासच्या कंप्रतांचे लहान स्वर झाकून टाकतो. जे झाकले जाणार आहे ते नेमके लिहून ठेवण्यात अर्थ काय? या विचारातून एमपी-३ पद्धत आली. १९९५ मध्ये तिच्या फाइलींना हे नाव मिळाले. सेकंदाला १,२८,००० बिटांच्या एमपी-३ मध्ये आपले गाणे सुमारे ५७ लाख बाइटांत बसते, म्हणजे मूळच्या अकराव्या हिश्शात.

ही युक्ती कोठे कमी पडते याचे उत्तम उदाहरण याच ध्वनिमुद्रिकेत आहे. 'वी विल रॉक यू' या गाण्यात शेवटच्या गिटारपर्यंत एकही वाद्य नाही, फक्त लाकडी फळ्यांवर पाय आपटल्याचे आणि टाळ्यांचे आवाज. मोजकी माणसे असताना हजारोंचा समुदाय वाटावा म्हणून ब्रायन मे याने त्या आवाजांच्या नकला निरनिराळ्या उशिरांनी मिसळल्या. त्या अंतरांसाठी त्याने मूळ संख्या निवडल्या. एक अंतर दुसऱ्याच्या पटीत आले नाही म्हणजे ठराविक लयीचा प्रतिध्वनी उमटत नाही आणि गर्दीचा भास होतो. मूळ संख्यांचा असा उपयोग पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

एमपी-३ आवाजाचे १,१५२ नमुन्यांचे, म्हणजे सुमारे २६ हजारांश सेकंदाचे तुकडे पाडून हिशेब करते. समजा अशा तुकड्यात आधी शांतता आणि शेवटी एक कडक टाळी आहे. बिट वाचवताना झालेली चूक साऱ्या तुकड्यावर पसरते आणि टाळीच्या आधीच्या शांततेत पुसटशी फसफस ऐकू येते. अशा जागी तुकडे लहान करण्याची सोय एमपी-३ मध्ये आहे, पण बिट फारच कमी दिले की तीही अपुरी पडते. शिवाय एमपी-३ उलगडून पुन्हा एमपी-३ केली की नव्या चुका जुन्या चुकांवर चढतात. फितीच्या पिढ्या नव्या वेषात परत आल्या, असेच म्हणायचे.

काहीही न टाकता

काहीही न टाकता फाइल लहान करता येईल का? येते. त्यासाठी दोन कल्पना लागतात.

पहिली कल्पना भाकिताची. पुढील आठ मोजण्या पाहा:

१००, १०३, १०७, ११०, ११२, ११३, ११३, ११२

तरंग एकदम उडी मारत नाही, म्हणून मागच्या दोन मोजण्यांवरून पुढची ओळखता येते. सोपा नियम: जितकी वाढ मागच्या वेळी झाली तितकीच आताही होईल. १०० नंतर १०३ आले, म्हणून पुढे १०६ यावे. आले १०७, म्हणजे चूक +१. मग १११ यावे, आले ११०, म्हणजे चूक -१. असे करत गेलो की पहिल्या दोन आकड्यांनंतर फक्त चुका लिहाव्या लागतात: +१, -१, -१, -१, -१, -१. तीन अंकी संख्यांची जागा एकअंकी चुकांनी घेतली. नियम आणि चुका माहीत असल्या की मूळ रांग पुन्हा अचूक मिळते. विद्यार्थ्यांकडून हे उलट दिशेने करून घ्यावे.

दुसरी कल्पना लहान खुणांची. वारंवार येणाऱ्या आकड्याला आखूड खूण, क्वचित येणाऱ्याला लांब. ही कल्पना काटेकोर कशी करावी हे डेव्हिड हफमन याने शोधले, तेही विद्यार्थी असताना. १९५१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एम.आय.टी.मध्ये प्राध्यापक रॉबर्ट फानो यांनी वर्गाला सांगितले की परीक्षा द्या किंवा एक निबंध लिहा. निबंधाचा विषय नेमका तेव्हा न सुटलेला प्रश्न होता, हे त्यांनी सांगितले नाही. हफमनने निबंध निवडला आणि शिक्षकांच्याही हाती न लागलेले सर्वोत्तम उत्तर काढले. प्रश्न अवघड आहे हे माहीत नसण्याचा असाही फायदा असतो! पुढे १९७० च्या दशकात रॉबर्ट राइस यांनी अवकाशयानांकडून येणाऱ्या माहितीसाठी लहान आकड्यांना सोयीची अशी एक सुटसुटीत पद्धत बसवली.

या दोन्ही कल्पना, भाकीत आणि राइसची खूण, एकत्र करून जॉश कोल्सन याने 'फ्लॅक' ही पद्धत तयार केली. तिची पहिली पक्की आवृत्ती २००१ मध्ये सर्वांसाठी मोफत खुली झाली. फ्लॅक फाइल मूळच्या सुमारे निम्म्या ते दोन-तृतीयांश जागेत बसते आणि उलगडली की एकूण एक बिट परत मिळतो. यासाठी कानावर विश्वास ठेवावा लागत नाही. मूळ आकड्यांवरून काढलेली एक पडताळणी-संख्या फाइलीत ठेवलेली असते, ती जुळली की काम झाले. 'लॉसलेस' हा गणिताने तपासता येणारा दावा आहे, आवडीनिवडीचा नाही.

आता आपल्या गाण्याकडे परत येऊ. फ्लॅकला सर्वांत जड काय जात असेल? ज्याचे भाकीत करता येत नाही ते, म्हणजेच खरखर! फितीची खरखर सर्वांत मोठ्या आवाजाच्या ६६ डेसिबल खाली आहे असे धरू. बिटामागे ६ डेसिबल या हिशेबाने गाण्याला ११ बिट पुरतात, उरलेले ५ बिट ढोबळमानाने खरखर नोंदवतात. एमपी-३ ही खरखर बेलाशक फेकून देते. फ्लॅकला ती सांभाळावी लागते, कारण खरखर कोणती आणि संगीत कोणते हे ठरवण्याचा अधिकारच तिने घेतलेला नाही. गाणे १६ ऐवजी २४ बिटांचे घेतले तर खरखरीच्या वाट्याला पाचाऐवजी तेरा बिट जातील. कान खरखरीच्या आतलाही थोडासा स्वर शोधू शकतो, म्हणून हा हिशेब अगदी काटेकोर नाही. पण जुन्या फितीवरच्या गाण्यासाठी जास्त बिट मागताना आपण मुख्यतः काय मागत असतो, हे त्यावरून कळते.

मग कानाला फरक पडतो का?

याचे उत्तर प्रयोगानेच द्यायला हवे, आणि प्रयोगही असा की कोणते ध्वनिमुद्रण चालू आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसेल. २००७ मध्ये ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी अशा चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॉम्पॅक्ट डिस्कहून अधिक तपशिलाचे ध्वनिमुद्रण आणि तेच १६ बिट, ४४,१०० नमुन्यांच्या मापातून काढलेले, यांतला फरक ओळखायचा होता. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी एवढीच आली असती. २०१६ मध्ये जॉशुआ राइस यांनी अशा अठरा प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. त्यांना बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आढळले. प्रयत्नांची संख्या बारा हजारांवर असल्याने हा फरक योगायोगाचा म्हणता येत नाही, पण तो किती लहान आहे हेही दिसते. संख्याशास्त्र शिकवताना हे दोन अभ्यास शेजारी ठेवावेत.

याउलट, ऐकताच जाणवणारा फरक बहुधा दुसरीकडून येतो. २०११ मध्ये बॉब लडविग यांनी क्वीनच्या जुन्या मिश्रणांच्या पहिल्या पिढीच्या फिती घेऊन नव्याने अंकीय प्रत तयार केली. जुन्या डिस्कवरून केलेली फ्लॅक आणि २०११ च्या प्रतीची फ्लॅक, दोन्ही शंभर टक्के लॉसलेस, पण आकडे वेगळे. कोणत्या फितीपासून सुरुवात केली, तार स्वर किती उठवले, आवाजातले चढउतार किती दाबले, हे सारे निर्णय फाइल होण्याआधीच घेतलेले असतात. येथे एका गोंधळापासून विद्यार्थ्यांना सावध करावे. चढउतार दाबण्यालाही 'कॉम्प्रेशन' म्हणतात आणि फाइल लहान करण्यालाही. पहिले आवाज बदलते, दुसरे त्याची जागा बदलते. आणि लॉसलेस गाणे साध्या ब्लूटूथ हेडफोनवर ऐकले तर वाटेत ते बहुधा पुन्हा घट सोसणाऱ्या पद्धतीनेच पाठवले जाते, हेही सांगून टाकावे.

तेव्हा लॉसलेस या शब्दाचा अर्थ 'उत्तम' असा नाही. 'येथून पुढे काही हरवणार नाही' एवढाच त्याचा अर्थ आहे. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची फ्लॅक फाइल आपल्याला १९७५ च्या स्टुडिओतला शुद्ध आवाज देत नाही. झिजलेली फीत, आठव्या पिढीचा वृंद आणि त्यामागची खरखर, हे सारे ती प्रामाणिकपणे पुढच्या पिढीच्या हाती ठेवते. ती खरखर म्हणजे तीन माणसांनी शंभराहून अधिक थर चढवल्याची खूण आहे. ती पुसायची की ठेवायची हे पुढच्यांनी ठरवावे. पण ठरवता यावे यासाठी ती शिल्लक तरी राहिली पाहिजे.

हे फक्त क्वीनपुरते नाही. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या काही फितींवर पूड धरून ठेवणारा चिकट थर हवेतला ओलावा शोषून लिबलिबीत होतो. अशी फीत तशीच वाजवली तर पूड खरवडून निघते. म्हणून स्टुडिओत ती आधी मंद आचेवर, पन्नास-पंचावन्न अंश सेल्सियसला काही तास शेकतात, मगच वाजवतात, आणि वाजवताना आकड्यांत उतरवून घेतात. पुढची संधी मिळेलच असे नाही.

आपल्या शाळांच्या कपाटांतही जुन्या कॅसेटी असतील. स्नेहसंमेलनातली गाणी, निवृत्त झालेल्या बाईंची भाषणे, एखाद्या आजीने सांगितलेल्या ओव्या. त्या मूळ फिती आहेत, त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. चांगल्या यंत्रावर एकदा नीट वाजवून त्या आधी लॉसलेस स्वरूपात उतरवाव्यात. मोबाइलवर पाठवायला एमपी-३ नंतर कितीही काढता येतील, पण एमपी-३ पासून मूळ कधीच परत मिळत नाही. हे काम मुलांकडून करून घेतले तर त्यांना लॉसलेस या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.